हिंगणघाटच्या मातीत विसावलेला मोजणीवाला साहेब : विल्यम लॅम्बटन

यवतमाळ : राळेगाव, वडकी भागातल्या शेतकऱ्याला हिंगणघाट काही नवीन नाही. वर्धा नदी ओलांडली की कापसाची गाडी तिथल्या बाजारात. किती पिढ्या हे जाणं-येणं चालू आहे. पण याच हिंगणघाटात एका अशा माणसाची कबर आहे, ज्याने भारताची पहिली शास्त्रशुद्ध मोजणी सुरू केली, हे आपल्या भागात फार थोड्यांना माहीत आहे. त्याचं नाव लेफ्टनंट कर्नल विल्यम लॅम्बटन. हिमालयातल्या सर्वांत उंच शिखराला ज्या एव्हरेस्टचं नाव दिलं गेलं, तो एव्हरेस्ट याच लॅम्बटनच्या हाताखाली मदतनीस म्हणून लागला होता. शिखर एव्हरेस्टच्या नावावर झालं. लॅम्बटनच्या नावावर हिंगणघाटातली एक कबर राहिली.

लॅम्बटनचा जन्म 1753 च्या आसपास इंग्लंडच्या उत्तर भागात, यॉर्कशायरमधल्या नॉर्थॲलर्टन गावाजवळ झाला. घरची परिस्थिती साधी. वशिला नाही, इस्टेट नाही. पोरगं गणितात हुशार निघालं म्हणून शिकायला मिळालं आणि पुढे फौजेत शिरकाव झाला. त्या वेळी अमेरिकेत इंग्रजांविरुद्ध स्वातंत्र्याचं युद्ध चालू होतं. लॅम्बटनची 33 वी पलटण तिथे लढत होती. 1781 मध्ये यॉर्कटाउनला इंग्रजांचा पराभव झाला आणि तोही कैदेत पडला.

सुटका झाल्यावर तो कॅनडाकडच्या इंग्रज मुलखात गेला. तिथे आधी जमिनी मोजण्याचं काम केलं, मग बराकींची देखरेख करण्याची नोकरी धरली. अशी 13 एक वर्षं गेली. नोकरी बिनधोक, पगार ठरलेला, काम कमी. दुसरा कोणी असता तर ताश कुटत बसला असता. लॅम्बटनने तो सगळा वेळ गणिताची पुस्तकं वाचण्यात घातला. याच काळात सूर्यग्रहण बघताना काच न वापरल्याने त्याच्या एका डोळ्याची नजर गेली, असं सांगतात. म्हणजे पुढे ज्याने शेकडो मैलांचा मुलूख दुर्बिणीतून मोजला, त्याला दिसत होतं एकाच डोळ्याने.

पुढे तो आपल्या पलटणीसोबत भारतात आला. पलटणीचा प्रमुख होता आर्थर वेलस्ली. हे नाव वऱ्हाडाला ओळखीचं आहे. 1803 मध्ये असईची लढाई जिंकून याच वेलस्लीने पुढे गाविलगड घेतला आणि नंतर वॉटर्लूला नेपोलियनला हरवलं. त्याच्या मानाने लॅम्बटन म्हणजे चाळिशी उलटून गेलेला, लाजाळू, कमी बोलणारा अधिकारी. बढतीच्या शर्यतीत मागे पडलेला.

1799 मध्ये टिपू सुलतानावर स्वारी झाली तेव्हाची एक गोष्ट त्याच्याबद्दल नेहमी सांगतात. जनरल बेअर्डची तुकडी रात्रीच्या अंधारात चालली होती. लॅम्बटनने वर ताऱ्यांकडे पाहिलं आणि आपण उलट्या दिशेने, थेट टिपूच्या छावणीकडे चाललो आहोत असं जनरलला सांगितलं. जनरलला ते पटेना. आपल्याला दिशा कळायला तारे लागत नाहीत, असा त्याचा ताठा. थोड्या वेळाने होकायंत्र काढून पाहिलं तेव्हा लॅम्बटनचं खरं निघालं. तुकडी वेळेत वळली म्हणून वाचली.

टिपू पडला आणि म्हैसूरचा मोठा मुलूख इंग्रजांच्या हाताखाली आला. मुलूख मिळाला, पण तो नेमका किती, कुठून कुठपर्यंत, हे कोणालाच धड सांगता येत नव्हतं. तेव्हाचे नकाशे म्हणजे फौजेच्या वाटचालीत मोजलेली अंतरं आणि अंदाज. लॅम्बटनने वरिष्ठांकडे एक योजना मांडली. पूर्वेच्या समुद्रापासून पश्चिमेच्या समुद्रापर्यंत सगळा देश त्रिकोणांनी मोजायचा. वेलस्लीने पाठिंबा दिला, मद्रास सरकारने मंजुरी दिली.

विरोध करणारेही होते. पैशांचा हिशेब बघणाऱ्या एका साहेबाला हा सगळा खर्च वायफळ वाटला. श्रीरंगपट्टणला जायचं असेल तर पालखीवाल्या भोयांना सांगायचं, ते बरोबर नेऊन सोडतात, त्याला मोजणी कशाला पाहिजे, असा त्याचा सवाल होता. नवीन काम काढलं की खोडा घालणारा तेव्हाही होता.

मोजणी म्हणजे नेमकं काय केलं, हे समजून घेतलं तर या माणसाची चिकाटी कळते. साखळी टाकून मैलोन्‌मैल मोजत गेलं तर चूक वाढत जाते. दर साखळीमागे बोटभर चुकलं तरी शंभर मैलांवर ती चूक केवढी होईल, हे धुऱ्यावरून भांडण झालेल्या कोणालाही सांगायची गरज नाही. म्हणून लॅम्बटनने एकच रेघ जमिनीवर अगदी काटेकोर मोजायची ठरवली. त्या रेघेच्या दोन्ही टोकांवर उभं राहून लांबच्या तिसऱ्या खुणेकडे कोन घ्यायचे. एक बाजू आणि दोन कोन कळले की उरलेल्या दोन बाजू गणिताने निघतात, तिथवर चालत जाऊन साखळी टाकायची गरज नाही. निघालेली बाजू ही पुढच्या त्रिकोणाची पहिली रेघ. असा त्रिकोणाला त्रिकोण जोडत जायचा. शाळेत शिकलेली भूमिती, पण डोंगराएवढ्या मापाची.

ती पहिली रेघ मोजायला 10 एप्रिल 1802 रोजी मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटच्या पायथ्याशी सुरुवात झाली. रेघ होती साडेसात मैलांची, म्हणजे सुमारे 12 किलोमीटर. मोटारसायकलने पंधरा मिनिटांचा रस्ता. लॅम्बटनला लागले 57 दिवस.

इतके दिवस लागायचं कारण ऐकण्यासारखं आहे. साखळी होती 100 फुटांची, पोलादी. ती मूळची चीनच्या बादशहाला नजराणा म्हणून नेलेल्या सामानातली. बादशहाकडून परत आली, फिरत फिरत कलकत्त्यात पोचली आणि तिथून लॅम्बटनच्या हाती लागली. पोलाद उन्हाने लांबतं, गारव्याने आखडतं. एप्रिल-मे महिन्यातलं मद्रासचं ऊन. म्हणून साखळी उघड्या जमिनीवर टाकलीच नाही. तिपायांवर लाकडी पेट्या ठेवल्या, पेट्या स्क्रूने वरखाली करून एका पातळीत आणल्या, त्यात साखळी ताणली, वर सावली केली आणि जवळ थर्मामीटर ठेवले. दर वेळी उष्णता लिहून घ्यायची आणि तेवढा फरक हिशेबात धरायचा. असं 400 वेळा. दुसरी एक साखळी नुसती ताडून बघायला बाजूला ठेवली होती. वापरून वापरून पहिलीचे दुवे ताणले तर नाहीत, हे तिच्यावरून कळायचं.

कोन मोजायचं यंत्र म्हणजे थिओडोलाइट. ते लंडनच्या विल्यम केरी नावाच्या कारागिराने बनवलं होतं. वजन सुमारे अर्धा टन, म्हणजे पाच क्विंटल. त्याचं चक्रच तीन फूट रुंद. ते जहाजातून येत असताना फ्रेंचांनी जहाज पकडलं आणि यंत्र मॉरिशसला नेलं. इंग्रज-फ्रेंचांचं हाडवैर. पण पेटीत शास्त्राचं यंत्र आहे हे कळल्यावर फ्रेंच गव्हर्नरने ते सन्मानाने मद्रासला पाठवून दिलं.

हे पाच क्विंटलचं धूड माणसांच्या खांद्यांवरून डोंगरमाथ्यावर चढवावं लागे. तिथे ते बसवायचं, दूरच्या डोंगरावर झेंडा किंवा निशाण घेऊन उभ्या असलेल्या माणसाकडे दुर्बीण लावायची आणि हवा स्वच्छ होईपर्यंत वाट बघायची. कधी धुकं, कधी पाऊस, कधी तापलेल्या जमिनीवरची झुळझुळ. दिवसचे दिवस एका डोंगरावर बसून काढावे लागत. झेंडेवाले, हमाल, खलाशी, तंबू ठोकणारे, साखळी धरणारे ही सगळी इथलीच माणसं. त्यांची नावं पुस्तकात फारशी सापडत नाहीत.

पहिला मोठा निकाल हादरवणारा होता. मद्रासपासून पश्चिमेला मंगलोरकडच्या समुद्रापर्यंत त्रिकोण नेले तेव्हा देशाची रुंदी भरली सुमारे 360 मैल. आधीच्या नकाशांत ती 400 मैल धरली होती. एका फटक्यात 40 मैल जमीन नकाशावरून गायब झाली. जमीन होती तेवढीच होती, कागद चुकीचा होता. पुढे कोणी लॅम्बटनला पालखीवाल्यांचा सल्ला दिल्याचं ऐकू आलं नाही.

लॅम्बटनची स्वतःवरही तपासणी चालू होती. 1804 मध्ये बंगलोरजवळ त्याने दुसरी रेघ जमिनीवर मोजली. त्याच रेघेची लांबी मद्रासपासूनच्या त्रिकोणांवरून गणिताने आधी काढली होती. दोन्ही आकडे ताडून पाहिले. सुमारे 200 मैल त्रिकोणांवरून आल्यावर साडेसात मैलांच्या रेघेत फरक निघाला चार इंचांपेक्षा कमी.

आता त्याच्या डोक्यात त्याहून मोठं काम शिरलं होतं. बंगलोरपासून दक्षिणेला कन्याकुमारीपर्यंत आणि उत्तरेला जमेल तितकं, एका सरळ उभ्या पट्ट्यात त्रिकोणांची साखळी न्यायची. हा पट्टा साधारण 78 रेखांशाच्या बाजूने जातो. यातून देशाचा कणा तर मोजला जाणारच होता, शिवाय पृथ्वीचा आकारही कळणार होता. पृथ्वी चेंडूसारखी पुरी गोल नाही, ध्रुवांकडे थोडी चपटी आहे. ती किती चपटी हे कळल्याशिवाय लांबच्या अंतरांचा हिशेब पक्का लागत नाही. या पट्ट्याला पुढे ‘ग्रेट आर्क’ म्हणजे महान कंस असं नाव पडलं.

1808 मध्ये तंजावरला मोठं संकट आलं. तो भाग सपाट, डोंगर नाहीत. म्हणून लॅम्बटनने बृहदीश्वराच्या मंदिराचं उंच शिखर निवडलं. यंत्र दोरांनी वर ओढत असताना एक दोर तुटला आणि पेटी भिंतीवर आदळली. आतलं चक्र वाकलं. ज्या चक्रावर कोनाची बारीक रेघ वाचायची, तेच वाकडं झालं. दुसरं यंत्र मागवायचं तर लंडनहून यायला वर्षं गेली असती. लॅम्बटनने कोणावर खापर फोडलं नाही. यंत्र घेऊन तो तंबूत शिरला, ते खोललं आणि पाचर, स्क्रू, कप्प्या लावून चक्र थोडं थोडं खेचत मूळ गोलाईत आणलं. सहा आठवडे त्याला दुसरा उद्योग नव्हता. त्यानंतर हेच यंत्र पुढे कित्येक वर्षं चाललं.

गावोगावच्या लोकांना मात्र हा प्रकार संशयाचाच वाटायचा, आणि त्यात त्यांची चूक म्हणता येत नाही. परका साहेब गावाजवळच्या डोंगरावर किंवा देवळावर चढतो, नळीतून दिवसभर बघतो आणि रात्री ताऱ्यांकडे नळी लावतो. या नळीतून घराच्या आतलं दिसतं, बायाबापड्या दिसतात, त्याही उलट्या, अशी अफवा पसरायची. दुर्बिणीत चित्र उलटं दिसतं हे खरंच होतं. काही ठिकाणी खुणा मोडून टाकल्या गेल्या. साहेब मोजतो म्हणजे उद्या पट्टी वाढणार, ही भीतीही होतीच. लॅम्बटनने कोणाचं वावर मोजलं नाही, पट्टी लावली नाही. पण त्याचा मालक कंपनी सरकार होतं, आणि कंपनीला नकाशा हवा होता तो फौज हलवायला, रस्ते काढायला आणि वसुली करायला. हे विसरून त्याला संत करण्यातही अर्थ नाही.

उत्तरेकडे सरकत साखळी निजामाच्या राज्यात आली. बीदरजवळ दामरगिड्यापर्यंतचं काम झालं तेव्हा कन्याकुमारीजवळच्या टोकापासून सुमारे दहा अंशांचा पट्टा मोजून झाला होता. जगातल्या शास्त्रज्ञांनी दखल घेतली. 1817 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला आपला सदस्य केलं. फ्रेंचांच्या विज्ञान अकादमीनेही मान दिला. 1 जानेवारी 1818 पासून हे खातं मद्रासकडून कलकत्त्याला गव्हर्नर जनरलच्या हाताखाली गेलं आणि त्याला ‘ग्रेट ट्रिगोनोमेट्रिकल सर्व्हे’ असं नाव मिळालं. त्याच वर्षी जॉर्ज एव्हरेस्ट मदतनीस म्हणून नेमला गेला. तेव्हा त्याचं वय तिशीच्या आत, लॅम्बटन पासष्टीला आलेला.

दोघांचे स्वभाव अगदी वेगळे. एव्हरेस्ट तापट, कडक, सगळ्यांवर ओरडणारा. लॅम्बटन शांत. गोदावरी आणि कृष्णा यांच्या मधल्या जंगलात एव्हरेस्टला पाठवलं तेव्हा पावसाळ्यात जवळजवळ सगळा तांडा तापाने आडवा झाला. काही माणसं परत आलीच नाहीत. एव्हरेस्टची तब्येत इतकी बिघडली की हवापालटासाठी त्याला आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला जावं लागलं. लॅम्बटन मात्र हैदराबादला बसून म्हातारपणातही हिशेब तपासत होता, साखळी वऱ्हाडाकडे सरकवत होता.

आपल्या जिल्ह्याचा संबंध इथेच येतो. दामरगिड्यापासून अचलपूरकडच्या टाकळखेड्यापर्यंत गेलेली त्रिकोणांची साखळी, लॅम्बटनच्या अखेरच्या दिवसांत आणि मागोमाग एव्हरेस्टच्या हाताखाली, ज्या पट्ट्यातून गेली त्या पट्ट्यात पुसद, दिग्रस, दारव्हा हा भाग येतो. त्या वेळी वऱ्हाड निजामाकडे होतं, यवतमाळ नावाचा जिल्हा अजून जन्मायचा होता. पैनगंगेच्या काठचे डोंगर आणि पुसदकडचे घाट या कामाला सोयीचेच.

1822 संपत आलं तेव्हा लॅम्बटनने आपलं ठाणं हैदराबादहून नागपूरला हलवायचं ठरवलं. काम उत्तरेला सरकलं होतं, माणूसही सरकायला हवा. वय सत्तरीच्या घरात. खोकला जुना, अंगात ताकद राहिली नव्हती. आज हैदराबादहून पांढरकवडा, वडकी, हिंगणघाट करत महामार्गाने दिवसभरात नागपूर गाठता येतं. तेव्हा हा प्रवास बैलगाड्या, तंबू आणि पालख्यांचा होता. नागपूर 50 मैलांवर आलं असताना हिंगणघाटला मुक्काम पडला. तिथेच 20 जानेवारी 1823 रोजी लॅम्बटन वारला. भारतात आलेला हा माणूस परत मायदेशी गेला नाही.

त्याच्या हयातीत या खात्याने सुमारे 1 लाख 65 हजार चौरस मैल मुलूख त्रिकोणांनी मोजला होता. तो वारला तेव्हा एव्हरेस्ट जवळ नव्हता, मुंबईच्या दिशेने आडव्या साखळीचं काम करत होता. बातमी कळली, तो आला आणि त्याने कारभार हाती घेतला. पुढे तापाने पाय लुळे पडले तरी खुर्चीतून उचलून घेत त्याने निरीक्षणं केली आणि साखळी सिरोंजपर्यंत, मग शेवटी 1841 पर्यंत डेहराडूनच्या पायथ्याशी नेली. कन्याकुमारीपासून हिमालयापर्यंत 1,600 मैलांच्या आसपास. याच जाळ्याच्या आधाराने हिमालयातल्या शिखरांच्या उंच्या काढता आल्या. राधानाथ शिकदार या बंगाली गणितज्ञाने पंधराव्या क्रमांकाच्या शिखराचा हिशेब मांडला आणि 1856 मध्ये त्याची उंची 29,002 फूट जाहीर झाली. त्याला नाव देताना तोवर निवृत्त होऊन इंग्लंडला गेलेल्या एव्हरेस्टची आठवण झाली. शिकदार राहिला, लॅम्बटनही राहिला.

शेतीची मोजणी आली ती नंतर. 1853 ला वऱ्हाड इंग्रजांच्या हाती गेलं आणि 1860 च्या दशकात मुंबई पद्धतीने गावोगाव मोजणी सुरू झाली. ती 33 फुटी साखळी वेगळी. 33 फूट लांब, 33 फूट रुंद म्हणजे एक गुंठा, आणि 40 गुंठ्यांचा एकर. आपल्या सात-बारावरचे सर्व्हे नंबर त्या मोजणीतून आले. पण गाव कुठे आहे, तालुक्याचा नकाशा देशाच्या नकाशात नेमका कुठे बसतो, याचं उत्तर लॅम्बटनच्या त्रिकोणांकडे जातं. एव्हरेस्टने 1830 मध्ये पृथ्वीच्या आकाराची जी मापं ठरवली, त्यात लॅम्बटनने मोजलेला दक्षिणेचा पट्टा होता. त्या मापांवर भारताचे सरकारी नकाशे आता आतापर्यंत, उपग्रहाची पद्धत येईपर्यंत, काढले जात होते. आज मोजणीला येणारा भूकरमापक रोव्हर उभा करतो आणि काही मिनिटांत कोपरा दाखवतो. बोटभर फरक सहन न करण्याचा आग्रह मात्र तोच, 57 दिवस साखळी धरून बसणाऱ्याचा.

हिंगणघाटातली कबर बराच काळ दुर्लक्षित होती. 1990 च्या दशकात एका इंग्रज लेखकाने शोध घेतला तेव्हा तिच्याकडे पुन्हा लक्ष गेलं. 2002 मध्ये या मोजणीला 200 वर्षं झाली म्हणून भारतात आणि इंग्लंडमध्ये कार्यक्रमही झाले.

तंजावरला आपटलेलं ते पाच क्विंटलचं यंत्र नंतर पुन्हा दुरुस्त झालं आणि उत्तरेकडे कामाला लागलं. ते आज डेहराडूनला, भारतीय सर्वेक्षण खात्याच्या संग्रहालयात आहे.